धर्मबापाविरुद्ध मत

"हात वर करायला पैसे पडतात का गं, लुक्रेत्सिया?" तिबेरिउ हसत म्हणाला. टेबलाभोवतीचे बाकीचे विश्वस्तही हसले. त्यांचे हात केव्हाच वर गेले होते.

लुक्रेत्सियाचा हात मांडीवरच होता. टपाल कचेरीच्या खिडकीमागे जन्म काढलेली बाई ती. कुणी आवाज चढवला की अजूनही ती आधी माफी मागून मोकळी व्हायची.

ठराव साधाच होता. वृद्धाश्रमातला, खोल्या गरम ठेवणारा बॉयलर ठणठणीत आहे, असं मंडळानं एकमतानं कळवायचं होतं. आश्रमातली म्हातारी साफ्ता न्याहारी करता करता बेशुद्ध पडली, तेव्हा नगरपालिकेनं विचारणा केली होती. बॉयलर तिबेरिउच्या चुलतभावानं बसवलेला.

बंद पडलेल्या शाळेत हा आश्रम तिबेरिउनंच उभा केला. कायद्याला विश्वस्त हवेत म्हणून त्यानं भरवशाची माणसं घेतली, म्हणजे ज्यांच्या लग्नात तो धर्मबाप म्हणून उभा राहिला होता ती. त्यात लबाडी नव्हती, गावात कुणीही हेच केलं असतं. पण लग्नात डोक्यावर मुकुट धरणारा धर्मबाप सख्ख्या बापाच्याही वरचा. त्याला जाब विचारणार कोण? म्हणून सभा त्याच्याच जेवणघरात व्हायच्या, प्लमची दारू आणि कोबीच्या पानात गुंडाळलेला खिमा यांच्या साक्षीनं, आणि जेवण गार व्हायच्या आत संपायच्या.

"बाबा, मी काल आश्रमात गेले होते," लुक्रेत्सिया म्हणाली.

"कशाला?"

"बघायला."

"इतक्या वर्षांत कधी सुचलं नाही ते?"

"सगळ्यांचीच डोकी दुखतात, बाबा. अंगणात आणून बसवलं की थांबतात. मलासुद्धा मळमळायला लागलं."

"म्हाताऱ्यांची डोकी दुखणार नाहीत, तर काय माझं दुखणार?" पुन्हा हशा झाला. मग तिबेरिउनं काटा खाली ठेवला. "कोस्तेलला माहितीये का, तू इथं काय बोलतीयेस ते?"

कोस्तेल तिचा नवरा. तो तिबेरिउच्या लाकडाच्या वखारीत कामाला होता. त्याच्या नोकरीचा विचार लुक्रेत्सियाच्या मनात आला. आणि आपलंच चुकत असलं तर? ऐन थंडीत बॉयलर बंद करून एखादं माणूस गारठून गेलं, तर त्याचं पाप कुणाच्या माथी?

"माझं मत विरुद्ध आहे."

"काय म्हणालीस?"

"विरुद्ध. बाहेरचा माणूस तपासून जाईपर्यंत बॉयलर बंद ठेवा. तुम्ही नाही ठेवलात, तर मी आत्ता नगरपालिकेत जाते."

शेजारी बसलेल्या व्हियोरिकानं टेबलाखालून तिला लाथ मारली. तिबेरिउनं आपले दोन्ही पंजे टेबलावर पसरले. "या हातांनी मुकुट धरला होता तुझ्या डोक्यावर."

"हो, बाबा."

"मग?"

तिनं पर्स उचलली आणि ती निघाली. रस्ताभर मागून कुणी हाक मारेल, याचीच तिला भीती वाटत होती. आणि कुणीच मारली नाही, तेव्हा जास्तच.

नगरपालिकेचा तपासनीस दुपारी आला. बॉयलर लुक्रेत्सियानं नगरपालिकेतून आश्रमात आल्या आल्या बंद करायला लावला होता. म्हातारे ओव्हरकोट घालून दिवाणखान्यात कुडकुडत होते आणि तिला शिव्या घालत होते. "गारठवून मारायला आलीये टवळी!" साफ्ता ओरडली. तपासनिसानं बॉयलर पुन्हा पेटवला आणि धुराड्याच्या तोंडाशी काडी धरली. ज्योत धुराड्यात ओढली जायला हवी होती. ती उलटी खोलीकडे वळली. त्यानं हातातल्या, विषारी वायू मोजणाऱ्या यंत्राकडे पाहिलं, बॉयलर विझवला आणि धावत जाऊन खिडक्या उघडल्या.

"सगळ्यांना बाहेर काढा. आत्ता!"

शिव्या देणाऱ्या साफ्ताला लुक्रेत्सियानं जवळजवळ उचलूनच अंगणात आणलं. मग स्वतः पायरीवर बसून ती मुलासारखी रडली.

पुढं सगळं रीतसर झालं. नवा बॉयलर आला. नगरपालिकेनं आग्रह धरून दोन परके विश्वस्त घ्यायला लावले. सभा आश्रमातच व्हायला लागल्या. तिबेरिउ अध्यक्ष राहिला, कोस्तेलची नोकरीही राहिली. लुक्रेत्सियाला कुणी शब्दानं दुखवलं नाही, कारण तिच्याशी कुणी बोलतच नव्हतं.

ईस्टरच्या मोठ्या उपवासाआधीच्या रविवारी धर्मलेकरं पाव घेऊन धर्मबापाच्या दारी जातात, हाताचं चुंबन घेऊन वर्षभराची क्षमा मागतात. लुक्रेत्सियानं पहाटे उठून वेणीसारखा पेड घातलेला पाव भाजला. पाव रुमालावर ठेवून ती दोघं तिबेरिउच्या फाटकाशी आली. कोस्तेलनं घंटा वाजवली. आत हसण्याबोलण्याचा आवाज होता, तो थांबला. पडदा हलला. कुणी आलं नाही.

तेवढ्यात व्हियोरिका आणि तिचा नवरा आले. त्यांच्यापुरतं फाटक उघडलं आणि त्यांच्या पाठोपाठ लागलं.

"चल आता," कोस्तेल पुटपुटला. "लोक बघतायत."

"बघू देत. क्षमा मागायला आलोय ना? मागून जाऊ."

तिनं पावाखालचा रुमाल नीट केला आणि बंद फाटकाकडे तोंड करून, रीत होती तसे, सगळे शब्द म्हटले: "बाबा, आमचं चुकलंमाकलं पोटात घाला."

आवाज कापत होता, पण तिनं एकही शब्द गाळला नाही. कोस्तेलनं इकडेतिकडे पाहिलं, डोक्यावरची टोपी काढली आणि तो तिच्या शेजारी उभा राहिला.