बांधावरची भोकं

आमचे आबा, इंदुरीचे कोंडाजी, यांच्या अंगातच संशय मुरलेला. म्हशीनं दूध कमी दिलं तरी आधी शेजाऱ्याच्या तोंडाकडे बघायचे. चौतीस साली नथूभाऊंच्या रखमाजीशी माझी सुपारी फुटली आणि मी मनातून फार खूश होते. नथूभाऊंचं शेत आमच्या शेताला लागूनच, मध्ये एकच बांध.

भाद्रपदात त्या बांधावर आबांना भोकं दिसली. बोरूएवढी, गोल, सुबक.

"नथ्यानं सळई खुपसलीया," ते घरी येऊन गरजले. "पानी मुरंल, बांध ढासळंल, मग नवा घालताना आमच्यात सरकवायचा. असल्या घरात पोर द्यायची न्हाई!"



तिन्हीसांजेला ते कंदील घेऊन पाळतीवर निघाले. मीही हट्टानं गेले. कंदील खाली ठेवला मात्र, हिरवट तांब्यासारखे चकाकणारे किडे तुरुतुरु धावत उजेडात आले. एकानं तर आमच्यासमोर मुंगी जबड्यात चिरडली. लहानपणी रखमाजी आणि मी त्यांना वाघ म्हणायचो.

"आबा, ही भोकं ह्यांच्या पिल्लांची हायती."

मी गवताची काडी एका भोकात सोडली. काडी हलली तशी झटक्यात ओढली. टोकाला पाठीवर कुबड असलेली अळी, काडी चावून धरलेली. चपटं डोकं झाकणासारखं भोकाच्या तोंडाला लावून ती मुंग्यांची वाट बघत बसते.

"माती हलली की ही ऱ्हात न्हाईत. म्हंजी नथूभाऊंनी बांधाला हात लावल्याला न्हाई."

आबांनी कंदील उचलून बांधालगत धरला. नथूभाऊंच्या बाजूला अगदी कडेपर्यंत भोकंच भोकं. आमच्या बाजूला एकही नाही, नुसती नांगरानं कोरलेली ताजी माती. बांध आम्हीच कोरत होतो! मला आबांचा संताप आला, लाजही वाटली.

उजेड बघून नथूभाऊ आले. खाली मातीकडे बघून हळूच म्हणाले, "मला ठावं हाय, पाव्हणं. दोन सालं बघतोय. पोर आमच्यात यायची, म्हनून गप ऱ्हायलो."

मला वाटलं, मिटलं एकदाचं. पण आबांचे डोळे बारीक झाले.

"दोन सालं गप? का म्हनून? तुमच्या पोरात अशी काय खोट हाय, जी झाकताय?"

नथूभाऊ पाठ फिरवून परत गेले.

सुपारी मोडली आणि पुढच्या वैशाखात मला भुशी गावाला दिली. माणसं वाईट नव्हती. आबांनी मात्र त्यांची साधी चौकशीसुद्धा केली नाही. त्यांचा बांध आमच्या शेताला लागत नव्हता, तेवढं आबांना पुरलं.