अब्बाकू बोलना

भूकंपाच्या रात्री फारूक टेलर नांदेडला होता. दिवाळीच्या शिलाईसाठी अस्तराचं कापड आणायला गेला होता. एसटीनं, मग ट्रकनं, मग पायी असा तो गावात पोचला तेव्हा गाव नव्हतं, नुसते दगड होते. दुपारी त्या दगडांतून त्याची चार वर्षांची जेबा निघाली, जिती. तिच्यावर पालथी पडलेली तिची आई कमरुन्निसाही निघाली. ती जिती नव्हती. लोक म्हणाले, पहाटे बराच वेळ आतून बाईचा आवाज येत होता, लेकीशी काहीबाही बोलत होती. काय ते कुणाला कळलं नाही.

त्या दिवसापासून जेबाची वाचा बसली.

पुढं पत्र्याच्या शेडांत संसार लागले. एका शेडात लातूरहून आलेल्या इंदूबाईंनी बालवाडी मांडली. तिथं ना तक्ते होते, ना पाट्या. कालवलेली माती, चिंध्या, रिकाम्या काड्यापेट्या आणि इंदूबाईंचा बारीक, जरा घोगरा आवाज.

*माती कालवा कालवा, तिचं घरटं लिंपूया*
*आत कोण गं निजलं, हळू दार लोटूया*

पोरं फळकुटावर मातीची घरं लिंपायची, आणि लिंपून झाली की फळकूट गदगदा हलवून पाडायची. दाणकन पाडायची, हसायची, पुन्हा लिंपायची.

"बाई, हा कसला अवलक्षणी खेळ?" सरजाबाई एकदा भांडायलाच आली. "आन् पाडायचंच आसंल तर माझ्या नातवाला म्हणावं, तुझ्या आईचं घर पाड. माझंच कशाला पाडून राहिला?"

इंदूबाई हसल्या. "आपण तरी काय करतो सरजाबाई? दिवसभर शेडाच्या सावलीला बसून तेच ते बोलतो. आपल्याला शब्द आहेत. ह्यांनी कशात बोलावं?"

जेबा मात्र हातावर माती वाळेपर्यंत नुसती बसून राहायची. इंदूबाईंनी तिला कधी ये म्हटलं नाही की जा म्हटलं नाही. तिच्यापुढं रोज ओला गोळा ठेवायच्या, संध्याकाळी वाळलेला उचलायच्या. हिवाळा असाच गेला.

उन्हं तापायला लागली तेव्हाची गोष्ट. फारूक तिला न्यायला जरा लवकर आला होता. दारातच थबकला. जेबानं घर लिंपलं होतं. त्यात चिंधीच्या दोन बाहुल्या निजवल्या होत्या, एक मोठी, एक धाकटी. तिनं फळकूट हलवलं. घर बसलं. मग ती त्या ढिगाऱ्यापाशी तोंड नेऊन बोलायला लागली. आवाज तिचा नव्हता. मऊ, समजावणीचा, कमरुन्निसाचाच.

"रोना नै मेरी मैना. लोगां आते अब्बी. पैले तू निकल. अब्बा मिले तो अब्बाकू बोलना—"

 फारूकला वाटलं, आता गाऱ्हाणं येणार. छत कोसळलं तेव्हा तुम्ही कुठं होता, हेच येणार. दोन ढांगांत आत शिरून त्यानं लेकीला उचललं, छातीशी गच्च धरलं. "बस बेटा, बस."

जेबानं त्याच्याकडं पाहिलं आणि तोंड मिटलं.

"फारूकभाई, तिला खाली ठेवा," इंदूबाई हळू म्हणाल्या. "किती महिन्यांनी बोललं लेकरू. तिचं तिला सांगून होऊ द्या."

"बालवाडीत खेळच शिकवता का, बाई?" त्याचा आवाज कापत होता, म्हणून त्यानं तो चढवला. "शेजारच्या गावची पोरं शंभरापोतर मोजून राहिली. माझ्या पोरीच्या हातात पाटी कधी देणार?"

"पाटी पळून जात नाही. हे वय जातं."

"तुमी शिकल्यालं लोक. आमाला न्हाई परवडत."

आठवड्याभरात त्यानं गाव सोडलं. लातूरला थोरल्या बहिणीच्या, जेबाच्या फुफीच्या घराशेजारी खोली घेतली, गंजगोलाईच्या बाजाराजवळ शिलाई मशीन टाकली, आणि जेबाला बाकांच्या शाळेत घातलं. तिथं ती बोलायला लागली. आधी इंग्रजी कविता, मग पाढे. बाईंच्या मागं, बाईंच्या तालात. फारूकनं पेढे वाटले. आपण केलं ते बरं केलं, असं त्याला कितीतरी वर्षं वाटत राहिलं.

लातूर वाढलं. गल्लीगल्लीत क्लास निघाले, घराघरावर 'मुलींसाठी कॉट मिळेल'च्या पाट्या लटकल्या. जेबा बारावीला पोचली. सरांनी विचारलेल्या प्रश्नाला तिचं उत्तर तयार असे, पण तिनं स्वतः होऊन काही विचारल्याचं कुणाला आठवत नव्हतं. घरी भूक लागली तरी ती सांगत नसे, वाढलं की जेवत असे. "लई शांत पोरगी हाय तुमची," लोक कौतुकानं म्हणत. फारूकही मान डोलवून 'हाव' म्हणे.

मधल्या काळात त्यानं दुसरं लग्न केलं होतं. त्या बायकोची जिक्रा आता चार वर्षांची होती. तिच्यासाठी त्यानं नावाजलेली नर्सरी शोधली. नर्सरीपासूनच पाया पक्का करतात म्हणे. नाव घालायच्या दिवशी जेबाही बरोबर आली. तिचा क्लास शेजारच्याच गल्लीत होता.

फाटकाशी बांधकामाची वाळू पडली होती. आत जायची वेळ होईतो जिक्रा वाळूत बसली आणि लागली बडबडायला. पायानं मशीन चालवल्यासारखं करत ती फारूकच्या आवाजात कुणाला तरी दटावत होती, "कल आव, कल! आज बिजली नै."

जेबाच्या ओठांवर हसू आलं.

फारूकला एकदम ते पत्र्याचं शेड आठवलं. "तेरेकू याद है क्या गे, बालवाडीका? मट्टी का घर बनाके क्या बोली थी?"

"कौनसा घर, अब्बा?"

"अम्मी का. अम्मी अंदर से क्या बोली थी, वो."

जेबानं मान हलवली. "अम्मी बोले तो मेरेकू फुफी के घर का फोटोच याद है."

मग फारूकनं तिला सांगितलं. रोना नै. पैले तू निकल. अब्बा मिले तो अब्बाकू बोलना. तिथवर आला आणि थांबला.

"आगे?"

"आगे मैं बोलनेच नै दिया तेरेकू."

 जेबानं बापाकडं पाहिलं आणि विचारलं, "कायकू?"

लेकीनं असं आपणहून विचारलेलं त्याला दुसरं काही आठवत नव्हतं. भीती वाटली, एवढंच सांगायचं होतं. पण सतरा वर्षांची, डोळे न हलवता बघणारी पोर समोर असताना तो वाकून चपलेतली वाळू झटकत राहिला. तिनं थोडं थांबून पाहिलं, मग दप्तर खांद्यावर घेतलं. "टेस्ट है मेरी," म्हणाली आणि गेली.

फाटकातून शिपाई ओरडला, "जिक्रा फारूक शेख! आत घ्या लेकराला."

"खेळून राहिली," फारूक म्हणाला.

"मामू, आजच्याला शेवटचा दिवस हाय. मग सीट ऱ्हात नसती."

"हाव. न्हाई तर न्हाई."

शिपायानं पुढचं नाव पुकारलं. फारूक वाळूच्या कडेला उकिडवा बसला आणि जिक्राचा एक एक शब्द कान देऊन ऐकू लागला. ती आता गिऱ्हाइकाचं माप घेत होती, मग चहा पाजत होती, मग एका शेळीला ओरडत होती. त्यानं मधे एकदाही तोंड घातलं नाही. गोष्ट तिची होती, पहिल्यापासून शेवटपर्यंत तिचीच. त्यात त्याच्यासाठी कुणाचा निरोप नव्हता.