तळाला की कडेला

प्लास्टिकच्या कुंडीला भोकं पाडायची ती तळाला की कडेला, यावरून त्या रविवारी बापलेकीची चांगलीच जुंपली होती.

दुकानातून आणलेल्या तिन्ही कुंड्यांना भोकाचा पत्ताच नव्हता. त्यातली एक लेकीने आल्या आल्या खिळा आणि हातोडी घेऊन निकालात काढली होती. कुंडीला काठापर्यंत चीर गेली. बाबा नुसता चष्मा कपाळावर सरकवून बघत राहिले होते. ते बोलण्यापेक्षा जास्त झोंबलं होतं.

बाबा चष्मेवाले. बिनचौकटीच्या चष्म्यांच्या काचांना भोकं पाडण्यात त्यांचा जन्म गेलेला. त्यांनी कुंडीला चिकटपट्टी लावली, आतून लाकडाचा ठोकळा टेकवला आणि हाताचं ड्रिल सावकाश फिरवायला घेतलं. प्लास्टिकची बारीक साल गोल गोल वळत बाहेर आली.

"घाई केली की तडकतं," ते म्हणाले. "काच काय, प्लास्टिक काय, माणूस काय."

"बाबा, सुविचार नकोत. तळाला पाडा."

"कडेला. तळापासून बोटभर वर. अगं, ही गॅलरीची फरशी बघ, आरशासारखी. तिच्यावर कुंडी बसली की तळाची भोकं बंद. मग पाणी जाणार कुठून, तुझ्या पुस्तकातून?"

"आणि खाली बोटभर पाणी तुंबेल त्याचं काय?"

"साठा राहील."

"डबकं राहील. मुळं कुजतील."

"दोघंही डोक्याला एकेक भोक पाडून घ्या," आई आतून ओरडली. "जरा हवा तरी खेळेल!"

शेवटी पैज लागली. एकाच पाकिटातल्या बियांची मिरचीची दोन रोपं होती, जुळ्या बहिणींसारखी. एक लेकीच्या कुंडीत, तळाला भोकं. दुसरं बाबांच्या, कडेला भोकं. माती तीच, ऊन तेच, पाणी मोजून सारखं. ज्याचं रोप मागे पडेल त्याने दर रविवारचा चहा करायचा.

"लबाडी चालणार नाही हं, प्रोफेसरबाई," बाबा दारापर्यंत सोडायला आले तेव्हा म्हणाले. ती लायब्ररीत कामाला होती. प्रोफेसरबाई ही पदवी घरचीच. तिने चप्पल घालता घालता मागे न बघता हात हलवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी आईचा फोन आला. बाबा जेवून आडवे झाले होते, ते उठलेच नाहीत.

माणसं आली, बसली, गेली. लेक आईजवळ राहायला आली. ती रडली नाही, म्हणून नात्यातल्या बायका एकमेकींकडे बघत होत्या. तिने मात्र सकाळी उठून दोन्ही कुंड्यांना एकेक पेला पाणी घालायचा नेम धरला. पैज अजून लागलेलीच होती. आणि तिला, आयुष्यात पहिल्यांदा, हरायचं होतं.

रोपांना हे कोण सांगणार? तिचं रोप तरारून वर आलं, त्याला कळ्यासुद्धा धरल्या. बाबांच्या रोपाची खालची पानं पिवळी पडायला लागली. तिने माती उकरून बोट खाली घातलं, तर चिखल. डबकं. तिचंच खरं होत होतं, आणि ते तिला बघवत नव्हतं.

एकदा तिने स्वतःच्या कुंडीत अर्धाच पेला ओतला.

"काय गं," आई मागे उभी होती, "बेइमानी? तीसुद्धा आपल्याशीच?"

तिने उरलेला अर्धा ओतला. दोघी बघत राहिल्या. पाणी मातीत मुरलं आणि थोड्या वेळाने कुंडीखालून निघून, ऐटीत फरशीवर पसरलं.

तेव्हा कुठे तिच्या डोक्यात किडा वळवळला. ते पाणी बाहेर आलंच कसं? फरशी आरशासारखी, कुंडी मातीने जड. बाबांचं म्हणणं काही खोटं नव्हतं. तळाची भोकं बंद व्हायला हवी होती. खरं तर दोन्ही कुंड्यांत पाणी तुंबायला हवं होतं.

ती फरशीवर पालथी झोपली आणि गाल टेकवून बघू लागली.

"आता हे काय?" आई म्हणाली.

"आई, हिच्याखालून उजेड दिसतोय."

बाबांची कुंडी फरशीला चिकटून बसलेली. तिची मात्र किंचित अधांतरी. तिने दोन्ही हातांनी कुंडी उचलून तिरकी केली. तळाला, भोकं चुकवून, इवल्या इवल्या पारदर्शक गाद्या चिकटवल्या होत्या. चष्मा नाकावर टेकतो त्या गाद्या. एकीवर एक, नीट जुळवून, हिशेबाने सारख्या उंचीच्या.

"हे कधी केलं यांनी?"

आईने पदराने हात पुसले. "तू गेलीस त्या संध्याकाळी. दिवा जवळ घेऊन बसले होते. म्हटलं, अहो, मग पैज कसली? तर म्हणाले, हिची भोकं बंद झाली तर बिचारी हरेल. तिला सांगू नकोस." आई जराशी हसली. "आणि मी सांगितलं नाही."

लेकीने कुंडी हळूच खाली ठेवली. लहानपणी पत्ते खेळताना बाबा असेच मुद्दाम हरायचे. हुकमाचा एक्का खेळायचेच नाहीत, लपवायचे आणि डाव मोडल्यावर हातोहात गठ्ठ्यात सरकवायचे. एकदा तो त्यांच्या मांडीखालून डोकावताना तिने बघितला होता. त्यानंतर दर डावाला ती बघायची. बोलली कधीच नाही.

ती बाबांच्या कुंडीसमोर मांडी घालून बसली. पिवळं पान खुडलं.

"बाबा," ती म्हणाली. आवाज मोठा आला, आई दारात थबकली. "एक्का तुमच्या मांडीखाली असायचा. मला माहीत होतं. पण मी जिंकले की तुम्ही इतके खूश व्हायचात, की मला ते मोडवायचं नाही."