मला वितळता आलं नाही

मित्रांनो, मी तांब्याच्या जुन्या तारेचा एक तुकडा आहे. करंगळीच्या पेराएवढा. माझी एक बाजू काळी पडली आहे. ती का, ते सांगतो.

तीस वर्षं मी दिल्लीतल्या सरोजिनी नगरच्या एका सरकारी क्वार्टरखाली अर्थिंगच्या लांब तारेत होतो. कूलरच्या पत्र्यात वीज उतरली की मी ती गुपचूप मातीत नेत असे. ओल्या हातांनी कूलरला शिवणाऱ्या मुलांना ते कधी कळलं नाही. कळायची गरजही नव्हती.

मग ते क्वार्टर पाडलं आणि मी कबाड्याच्या, म्हणजे भंगारवाल्याच्या, तराजूत आलो. तिथे आर. के. पुरममधले अनुराग आले. गाण्यांचे भारी शौकीन.

"असली है साब, तीस साल ज़मीन में था," कबाडी म्हणाला.

घरी येऊन अनुरागनी मला कापलं, घासून चकचकीत केलं आणि ॲम्प्लिफायरमधला काचेचा फ्यूज काढून त्या जागी बसवलं.

"फ्यूज आवाजाचा गळा दाबतो, स्वरूपा. हे बघ, तीस वर्षं जमिनीत मुरलेलं तांबं."

"लोणचं आहे का मुरायला?" त्यांची बायको हसली नाही. "आणि फ्यूज उडायची वेळ आली की काय उडणार?"

"काही होत नाही यार. सगळे करतात."

तिनं तो फ्यूज उचलून सेफ्टी पिनांच्या डबीत ठेवला.

आवाज सुधारला का, मला माहीत नाही. माझे फोटो मात्र मित्रांना गेले, कौतुक झालं. मला ते आवडलं, हे कबूल करायला हवं.

जूनमधल्या एका दुपारी ॲम्प्लिफायर चालूच राहिला. त्यांची चार वर्षांची मुलगी रेवती शेजारच्या दिवाणावर झोपली होती. स्वरूपा बाल्कनीत कपडे वाळत घालत होती. ॲम्प्लिफायरच्या आत काहीतरी शॉर्ट झालं आणि वीज माझ्यातून धो धो वाहू लागली. फ्यूजमधली केसासारखी तार तेव्हाच वितळली असती आणि वीज तुटली असती. मी जाड, शुद्ध. मला वितळता आलं नाही. आत माझ्या शेजारचा ट्रान्सफॉर्मर जळत गेला. मग मागच्या खिडकीच्या पडद्यानं पेट घेतला.

वास येताच स्वरूपा धावली. रेवतीला उचललं, मेन स्विच पाडला. रेवती वाचली, पण धूर छातीत गेला. आता तिच्या उशाशी श्वासाचा पंप असतो. खेळताना ती मध्येच थांबते, आणि आई हातातलं काम सोडून तिच्याकडे बघत राहते. घरात गाणी लागत नाहीत.

अनुराग मला फेकणार होते.

"राहू दे," स्वरूपा म्हणाली. "दिसत राहू दे."

तेव्हापासून मी त्याच डबीत आहे, त्या फ्यूजच्या शेजारी. तो अजून अखंड आहे. त्याला त्याचं काम करूच दिलं नाही.

मित्रांनो, घरात फ्यूज उडाला तर चिडू नका. तो तुमच्यासाठीच उडालेला असतो. का उडाला ते मोठ्यांना बघायला सांगा, आणि त्याच्या जागी तसाच दुसरा बसवा. माझ्यासारखा नको.

आणि मला कधी फेकलंच, तर मातीत पुरा. तिथलं काम मला येत होतं.