फुल्यांवरचा रंग

“ही बोलते,” काका म्हणाले. पुढच्या फळीवर त्यांनी हातोडीने हलकेच ठोकलं आणि कान खाली नेला. “हीपण बोलते. ही... नाही. मुकी झाली बघ. लिही.”

मी लिहिलं, चौथी रांग, सातवी फळी. काकांनी तिच्यावर खडूने फुली मारली.

कृषी प्रदर्शनाच्या मैदानावरची लाकडी गॅलरी आम्ही दोघं तपासत होतो. काका तिथले रखवालदार, सत्तावीस वर्षांपासूनचे. मी समितीच्या ऑफिसातली कंत्राटी लिपिक, जेमतेम दोन वर्षांची. अशा मैदानांची डागडुजी आणि सुरक्षितता यांसाठी सरकारी अनुदान निघालं होतं. अर्ज मीच भरला होता. गुरुवारी तपासणी अधिकारी येऊन गॅलरी पाहणार होते. आतून सडलेली फळी वरून शहाण्यासारखी दिसते, तिला ओळखायचं ते ठोकून, हे काकांचं शास्त्र. संध्याकाळपर्यंत एकोणीस फुल्या झाल्या.

बुधवारी सकाळी ऑफिसच्या खिडकीतून मी गॅलरीकडे पाहिलं आणि मला कसंसंच झालं. उडालेला रंग, पक्ष्यांची घाण आणि त्यावर त्या फुल्या. कुणी येणार म्हटलं की मी घरातली चादर तीनदा झटकते, लेकीची खेळणी पलंगाखाली ढकलते. इथेही माझं तेच झालं. अध्यक्षांना फोन लावला. स्टोअरमध्ये हिरव्या रंगाचे डबे पडून आहेत, एक हात फिरवून घेऊ का, असं विचारलं.

“वा,” ते म्हणाले. “शिकलेलं माणूस असलं की सांगावं लागत नाही.”

काकांना मात्र पटेना. “डॉक्टरकडे जाताना कुणी पावडर लावून जातं का गं?”

“पहिली छाप महत्त्वाची असते, काका. यादी आहे ना आपल्याकडे. मी दाखवीन त्यांना.”

“तू दाखवणार ना? मग झालं.” त्यांनी बाह्या दुमडल्या. दिवस मावळेपर्यंत फुल्या दिसेनाशा झाल्या.

गुरुवारी अधिकारी आले. गॅलरीवर चढलेसुद्धा नाहीत. खालूनच म्हणाले, “इतकी निगा मी कुठे पाहिली नाही हो.”

“बोट ठेवायला जागा सापडायची नाही, साहेब,” अध्यक्ष म्हणाले.

काकांनी माझ्याकडे पाहिलं. यादी माझ्या पर्समध्ये होती, लेकीच्या खोकल्याच्या बाटलीखाली. अध्यक्षांना चारचौघांत खोटं पाडायचं, आणि माझं कंत्राट तर पुढच्याच महिन्यात संपत होतं. मी पर्सची चेन उघडली, रुमाल काढला, कपाळ पुसलं आणि चेन लावून टाकली. ‘स्थिती उत्तम, दुरुस्तीची आवश्यकता नाही’ असा शेरा पडला. अनुदान दुसऱ्या मैदानाला गेलं.

काका मला एका शब्दाने बोलले नाहीत. फक्त विचारलं, “प्रदर्शनाच्या आधी अध्यक्षांच्या कानावर घालशील?”

“घालते.”

रोज सकाळी ठरवायचे आणि रोज दुपारी वाटायचं, आज त्यांची मर्जी ठीक दिसत नाही. असं करता करता प्रदर्शनाचा दिवस उजाडला.

त्या दिवशी लेकीला सांभाळायला कुणी नव्हतं म्हणून तिला सोबत आणलं होतं. रिंगणात गुरांची निवड सुरू व्हायची होती, गॅलरी भरत आली होती.

“आई, तिकडे वर बसू या ना.”

“नको.”

“का पण? सगळे बसलेत.”

“नको म्हटलं ना.” मी तिचं मनगट पकडून तिला मागे ओढलं. कडेवर तान्हं घेतलेली एक बाई तिथेच पायरीवर चढत होती. ती थांबली.

“का हो ताई, वर काय आहे?”

“ऊन येतं,” मी म्हणाले.

तिने मान वर केली. गॅलरीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत पत्र्याचं छप्पर होतं. मग तिने माझ्याकडे पाहिलं.

काका तीन पावलांवर उभे होते. ते वळले, गोठ्याकडे गेले आणि जाड दोर खांद्यावर टाकून परत आले.

“उतरा, सगळे उतरा. ताई, बाळाला नीट धरा. आजोबा, सावकाश, कुठे गाडी चुकत नाहीये.”

“काय काका, रंग ओला आहे का?” वरून कुणीतरी हसत विचारलं.

“रंग वाळलाय. लाकूड सडलंय.”

लोक कुरकुरत उतरले. काका दोर बांधत असताना अध्यक्ष धापा टाकत आले. “हा काय तमाशा लावलाय? सडलंय हे माहीत होतं तर रंग कशाला मारलात? अनुदान घालवलंत तुम्ही!”

“रंग मी मारला, साहेब,” काका म्हणाले. “फुल्या माझ्याच हातांनी झाकल्या.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. मी एक पाऊल पुढे टाकलं असतं तर पुरेसं होतं.

“आई,” लेक हळूच म्हणाली, “हात दुखतोय माझा.” मी तिचं मनगट अजून सोडलं नव्हतं.

“संध्याकाळी किल्ल्या ऑफिसात जमा करा,” अध्यक्ष म्हणाले.

संध्याकाळी काका आले. प्रदर्शनासाठी घातलेल्या इस्त्रीच्या शर्टावर दोराचा तिरका मळकट पट्टा उमटला होता. त्यांनी किल्ल्यांचा जुडगा माझ्या टेबलावर ठेवला.

“काका, मी उद्या अध्यक्षांना सगळं...”

“उद्याचं उद्या बघ.” मग पिशवीतून हातोडी काढून त्यांनी किल्ल्यांशेजारी ठेवली. “ही मैदानाची नाही, माझी आहे. पण राहू दे इथे. ठोकून बघायला कुणीतरी पाहिजे.” लेकीच्या डोक्यावर हात ठेवला आणि गेले.

खिडकीतून मी बघत राहिले. जाता जाता ते गॅलरीपाशी थांबले, दोराची गाठ ओढून पाहिली, ती पुन्हा आवळली. फाटकातून बाहेर पडल्यावर सवयीने त्यांचा हात खिशाकडे गेला. क्षणभर तसाच राहिला. मग त्यांनी फाटक नुसतंच लोटलं.

कुलूप लावायला मला जायचं होतं. ते वळणापलीकडे दिसेनासे होईपर्यंत मी थांबले.