सदतीस नंबरला विजेरी

आत्याच्या फोनवर एक्केचाळीस ॲप होती आणि त्यातलं एकही तिच्या बोटाला नीट सापडत नव्हतं. दोन वर्षांपासून तिचे हात थरथरतात. कॅलेंडरवर बोट ठेवायला जावं तर कॅमेरा उघडे, आणि बोट जरा जास्त वेळ टेकलं की ते चित्रच उखडून भलतीकडे जाऊन बसे. बोलून उघडायची सोय होती, पण तिचा आवाजही आता खोल गेलाय. शिवाय तेच वाक्य यंत्राला तीनदा ऐकवायला ती तयार नव्हती. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तीस वर्षं ऑपरेटर होती ती. "मी लोकांना जोडून द्यायचे. आता याची मनधरणी करू?"

तिचा मुलगा, माझा आतेभाऊ दादा, तिला आपल्याकडे न्यायचं म्हणत होता. त्याचंही चूक नव्हतं. काही झालं तर ती कोणाला कळवणार कशी? शेवटी त्याने एक अट घातली. रविवारी सकाळी दहाला तो येईल. आत्याने एका मिनिटात, कोणाच्या मदतीशिवाय, तीन ॲप उघडून दाखवायची: डॉक्टरांचं, तातडीच्या मदतीचं आणि त्याला व्हिडिओ कॉल लावायचं. ॲप एकदा उघडलं की आत दाबायला एकच मोठं बटण होतं. जमलं तर ती स्वतःच्या घरी राहील. नाहीतर पुढच्या महिन्यात सामान बांधायचं.

"मिलिमीटर, तूच बघ आता काहीतरी," आत्या मला म्हणाली. घरात मला याच नावाने हाक मारतात. मी प्रयोगशाळेतल्या मोजमापाच्या उपकरणांसाठी प्रोग्रॅम लिहिते. फोनसाठी कधी लिहिला नव्हता.

कल्पना साधी होती. फोनलाच विचारायचं, तुझ्यात काय काय बसवलंय. तो यादी देतो: प्रत्येक ॲपचं आपल्याला दिसणारं नाव आणि त्यामागचं लांबलचक आतलं नाव, जे त्या फोनमध्ये दुसऱ्या कोणाचंही नसतं. ते आतलं नाव सांगितलं की फोन ते ॲप उघडून देतो. पहिल्या प्रयत्नात यादीत चारच नावं आली. पूर्ण दिवस त्यात गेला. मग कळलं की नवे फोन एका ॲपला बाकीची दाखवतच नाहीत. कोणती पाहायची आहेत हे प्रोग्रॅमच्या सुरुवातीलाच जाहीर करावं लागतं. मी चार ओळी घातल्या आणि एक्केचाळीस नावं धडाधड पडद्यावर उतरली. मी खुर्चीतून उठून खोलीत दोन फेऱ्या मारल्या.

"नावं नकोत मला," आत्या म्हणाली. "नंबर दे."

म्हणून मी यादी अक्षरांच्या क्रमाने लावली आणि प्रत्येकाला नंबर दिला. पडदाभर दहा मोठे आकडे. बोट जिथून उचललं जाईल तो आकडा धरायचा, आणि थरथरीने लगेच पुन्हा टेकलं तर सोडून द्यायचं. डॉक्टर चौदा, तातडीची मदत सतरा, व्हिडिओ कॉल सदतीस. आत्याने एका दुपारी एक्केचाळीसही नंबर पाठ केले. मी मधूनच विचारायचे, ती स्वयंपाकघरातून उत्तर द्यायची. एकदाही चुकली नाही.

रविवारी दादा दहाला पाच कमी असताना आला. चहा होईपर्यंत त्याने आईचा फोन घेतला. "बीपी लिहून ठेवायचं एक छान ॲप आहे, टाकून देतो," म्हणाला. मी मान डोलावली. आता आठवलं की अजून कान गरम होतात.

"हं, आई. सुरू."

चौदा: डॉक्टर. सतरा: मदत. आठ सेकंद झाली होती. मग आत्याने तीन आणि सात दाबलं, आणि दादाच्या शर्टावर लख्ख उजेड पडला. विजेरी उघडली होती.

"आई, मी विजेरीत राहतो का?"

तिने परत सदतीस दाबलं. परत विजेरी. दादा हसायचा थांबला. त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि तिच्या हातांऐवजी तो आता तिच्या डोक्याबद्दल विचार करतोय हे मला स्पष्ट दिसलं.

"दादा, थांब, ते—"

"तू गप बस," आत्या मला म्हणाली. मग त्याला, "मी चुकले नाही. रांगेत कोणीतरी घुसलंय." आणि तिने अडतीस दाबलं, मग आतलं मोठं बटण.

दादाच्या खिशातला फोन वाजला.

"तू आत्ता नवा कोणी आणलास ना? बीपीवाला?"

"हो."

"तो मध्ये उभा राहिला आणि मागचे सगळे एकेक सरकले." ती माझ्याकडे वळली. "काय गं, नव्या गिऱ्हाइकासाठी जुन्यांचे नंबर बदलतात का कधी? सगळं गाव ओरडत आलं असतं. नंबर माणसाचा असतो, रांगेतल्या जागेचा नाही. नवा येईल त्याला शेवटचा द्यायचा. कोणी गेला तर त्याचा रिकामा ठेवायचा."

आतलं नाव माझ्या हातात होतं आणि मी नंबर जोडला होता रांगेतल्या जागेला. प्रयोगशाळेत अशी चूक कोणी केली असती तर मी त्याला तासभर सुनावलं असतं. मी लॅपटॉप उघडला. आत्या शेजारी खुर्ची ओढून बसली. मी एकेक नंबर आतल्या नावाला बांधत गेले, ती विचारत गेली.

"रिकामा नंबर दाबला तर?"

"काहीच होणार नाही."

"असं कसं? 'हा नंबर बंद आहे' असं सांगायला लाव. माणूस अंधारात नको राहायला."

वीस मिनिटं लागली. "आता मी दोन टाकणार आणि एक काढणार," दादा म्हणाला. त्याला एव्हाना चेव चढला होता. त्याने बुद्धिबळ आणि होकायंत्र टाकलं, रेडिओ काढला, आणि घड्याळ समोर धरलं.

चौदा. सतरा. सदतीस. अकरा सेकंदांत त्याचा खिसा वाजला. आत्या थांबली नाही. तिने बेचाळीस दाबून बीपी उघडलं, त्रेचाळीसला बुद्धिबळ, चव्वेचाळीसला होकायंत्र, मग काढलेल्या रेडिओचा नंबर दाबला. 'हा नंबर बंद आहे' हे वाचून ती इतकी हसली की फोन मला धरावा लागला.

दादाने घड्याळ खिशात ठेवलं. "बरं. राहा इथेच. पण रोज कॉल करायचा."

"रोज कशाला? तुला कामं नाहीत?"

तो निघाला. पहिला मजलाही उतरला नसेल, तोच आत्याने सदतीस दाबलं. जिन्यातून त्याच्या फोनचा आवाज वर आला. दार उघडंच होतं, चार पायऱ्या चढला असता तर ती समोर दिसली असती. पण तो वर आला नाही. तिथेच पायरीवर बसला आणि बोलत राहिला.