पेद्रूच्या घशातलं हाड

नाताळच्या दिवशी गिरगावच्या खोताच्या वाडीतला एक तरी कुत्रा घशात हाड अडकवून घेतो, हा डॉक्टर हरेश्वर तांडेलचा जुना अनुभव होता. घराघरांत डुकराच्या मटणाचं सोरपोतेल शिजत असतं, पाहुणे गप्पांत रमलेले असतात आणि टेबलाखाली बसलेल्या प्राण्याला त्या दिवशी कुणी नाही म्हणत नाही. त्यामुळे सकाळी फिलूमायचा फोन आला, "पेद्रूचं तोंड मिटत नाय रे, नुसती लाळ गळते," तेव्हा हरेश्वरने निदान फोनवरच करून टाकलं. जनावरांचा डॉक्टर म्हणून तो हुशार होता, पण त्याच्या हुशारीला घाई फार.

फोन आला तेव्हा तो शीव कोळीवाड्यातल्या घरी आईला मासे साफ करून देत होता. दमयंतीबाईंच्या मते पोरगा डॉक्टर झाला म्हणून काय झालं, शिंगाळा त्यानेच साफ करायचा. त्या शिंगाळ्याचा काटा त्याच्या बोटात चांगला खोल रुतला. रक्त आलं, त्याने बोट नळाखाली धरलं, चोखलं आणि बॅग उचलून गिरगावला निघाला.

फिलूमाय म्हणजे फिलोमिना परेरा. वाडीच्या टोकाला, लाकडी जिन्याच्या घरात नातीला घेऊन राहणारी. नातीचे आईबाप कुवेतला नोकरीला होते, ते उन्हाळ्यातच यायचे. घरात म्हातारी, आठ वर्षांची जेनिता आणि पेद्रू. पेद्रू तांबूस, एका कानाने पडका, चोराला बघूनही शेपूट हलवील असा.

दारातच जेनिता उभी होती. पांढरा फ्रॉक आणि हातांत कोपरापर्यंत पांढरे लेसचे हातमोजे.

"मडमच झालीस की गं," हरेश्वर म्हणाला.

"माझ्या ट्रंकेतले आहेत," फिलूमाय म्हणाली. "काल चर्चात मिसाला घातले ते काढायलाच तयार नाय. झोपली पण तसेच घालून."

"डॉक्टरकाका, पेद्रूला काय झालं?"

"हाड अडकलंय. दोन मिनिटांत काढतो, टेन्शन नको घेऊस."

पेद्रू कपाटामागच्या अंधारात जाऊन बसला होता. जबडा खाली लोंबत होता आणि लाळेची तार जमिनीपर्यंत आली होती. हरेश्वर गुडघ्यांवर बसला. बॅगेत हातमोजे होते, पण ते त्याने काढले नाहीत. मोजे घातले की बोटांना दिसत नाही, असं तो नेहमी म्हणायचा. घरचं वळण होतं ते, माशाच्या कल्ल्यात हात घालताना कोळी मोजे शोधत बसत नाही. त्याने पेद्रूचं डोकं धरलं आणि उघडा हात सरळ तोंडात घातला.

हाड नव्हतं. टाळूला नव्हतं, दाढांत नव्हतं. बोटं घशापर्यंत गेली तरी पेद्रूला ना उबळ आली ना त्याने मान मागे घेतली. जीभ ओल्या फडक्यासारखी पडून होती.

हाड अडकलेलं कुत्रं पंजाने तोंड ओरबाडतं, घर डोक्यावर घेतं. पेद्रू गप्प होता. हे सगळं हरेश्वरच्या ध्यानात आलं, पण हात आत असताना आलं. तेवढ्यात पेद्रू भुंकला, आणि तो आवाज पेद्रूचा नव्हता. फाटका, लांबलेला, भलत्याच कुठल्या जनावराचा वाटावा असा होता.

त्याने हात बाहेर काढला. काट्याने टोचलेलं बोट लाळेने माखलं होतं.

"फिलूमाय," तो जमेल तितक्या सरळ आवाजात म्हणाला, "या वर्षी पेद्रूला सुई दिली होती का गं?"

"राहिली बाबा. पावसाळ्यात तू आलास तेव्हा माझ्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. नंतर म्हटलं, म्हातारा कुत्रा, जातो कुठे."

"आणि बाहेरचा कुत्रा वगैरे चावला त्याला?"

"दिवाळीत एक भटका घुसलेला वाडीत. याच्या मानेला लागलं थोडं. हळद लावली, बरं झालं की ते." एवढं बोलून फिलूमाय थांबली. "हरेश, ते नाय ना?"

दोरीचा फास टाकून, लांबूनच ओढत त्याने पेद्रूला जिन्याखालच्या फळ्यांच्या खोलीत घातलं आणि कडी लावली. पेद्रूचे मागचे पाय फरफटत होते. मग तो मोरीवर जाऊन साबणाने हात धूत बसला. फिलूमायला वाटलं, हा आता उठतच नाही.

स्वतःचं त्याला माहीत होतं. रेबीजच्या सुया त्याने धंद्यापायी आधीच घेतलेल्या होत्या, आता आणखी दोन घेतल्या की निभावणार होतं. तरी भीती वाटायची ती वाटलीच. पण त्याहून मोठी भीती दुसरीच होती. पिसाळलेल्या कुत्र्याचा दात लागलेल्या माणसाने वेळेत सुया घेतल्या तर तो वाचतो. एकदा लक्षणं दिसली की मग जगातला कुठलाही डॉक्टर हात टेकतो. आणि या घरात आठ वर्षांची मुलगी होती.

"गेल्या आठ-दहा दिवसांत पेद्रू कुणाला चावला? ओरखडलं कुणाला?"

"कुणाला नाय. आईची शप्पथ. नाताळची गोड कुलकुलं वळायला बसलो तेव्हा टेबलाखाली होता, पण त्याने कुणाला काय केलं नाय."

हरेश्वरने मान वळवली. जेनिता टेबलापाशी उभी राहून कुलकुल खात होती. साखरेत घोळवलेलं, चिकट कुलकुल, आणि ते तिने लेसच्या मोज्यात धरलं होतं. डिसेंबर असला तरी गिरगावातली दुपार होती, डोक्यावर पंखा फिरत होता.



"जेनिता, मोजे काढ बघू बाळा."

तिने दोन्ही हात पाठीमागे नेले. "थंडी वाजते."

फिलूमाय ताडकन उठली, तशी हरेश्वरने तिला खुणेने बसवलं. मोजा ओढून काढणं त्याला काही अवघड नव्हतं. पण घाबरलेल्या पोरीने तोंड मिटलं असतं तर कधी चावला, कुठे चावला, आणखी कोण होतं, हे कुणी सांगितलं असतं? वाडीतली सगळी पोरं त्या कुत्र्याच्या अंगाखांद्यावर खेळत होती. आणि पोरीला मोजे काढायची गरजच उरली नव्हती, कारण हाड आहे, दोन मिनिटांत काढतो, असं तोच दारात सांगून बसला होता. त्याला स्वतःच्या मुस्काटात मारावीशी वाटली.

तो तिच्यासमोर फरशीवर बसला.

"जेनिता, मी मघाशी चुकलो. पेद्रूच्या घशात हाड नाहीये."

"मग?"

"त्याला आजार झालाय. तो बरा होणार नाही."

ती त्याच्याकडे बघत राहिली. तो खोटं बोलतोय का, हे ती शोधत होती. हरेश्वरला मनापासून वाटलं, आपण खोटं बोलत असतो तर किती बरं झालं असतं.

"कुणी काही सांगितलं, तर महापालिकेची कुत्रे धरायची गाडी त्याला घेऊन जाईल?" तिने विचारलं.

"कुणी सांगितलं, नाही सांगितलं, तरी गाडी येणारच. पण सांगितलं तर ज्याला तो चावलाय, तो माणूस वाचेल."

जेनिताने पाठीमागचे हात पुढे आणले. "तो चावला नाय. मी त्याला कुलकुल भरवत होते, त्याला खाता येत नव्हतं. मी आत ढकललं. तेव्हा दात लागला."

"कधी?"

"परवा."

"आणखी कुणाला?"

"कुणाला नाय. मीच भरवत होते." मग तिने विचारलं, "मी लगेच सांगितलं असतं तर तो वाचला असता?"

"नाही," हरेश्वर म्हणाला, आणि ते खरं होतं म्हणून त्याला म्हणता आलं. "पेद्रूचं तुझ्यामुळे काही झालेलं नाही."

"तो तिकडे एकटा आहे. त्याला भीती वाटत असेल." ती जिन्याकडे बघत होती. "तू त्याच्याजवळ बसशील? गाडी येईपर्यंत?"

त्या खोलीच्या आसपासही फिरकायची हरेश्वरची इच्छा नव्हती. आयुष्यात कुठल्या जनावराची वाटली नव्हती एवढी त्याला त्या म्हाताऱ्या कुत्र्याची भीती वाटत होती.

"बसेन," तो म्हणाला.

तेव्हा तिने उजव्या हातातला मोजा काढला. अंगठ्याच्या मुळाशी दोन बारीक, काळपट खुणा होत्या. फिलूमायने तोंडाला पदर लावला.

पुढचं सगळं धावपळीत झालं. हात साबणाने धुतला, महापालिकेला फोन केला, टॅक्सी मिळाली, हॉस्पिटलात सणाच्या दिवशीही डॉक्टर होते. जखमेभोवती सुई टोचताना जेनिताने फिलूमायचा हात इतका घट्ट धरला की म्हातारीची बांगडी वाकली. हरेश्वरने शेजारच्या खुर्चीत बसून स्वतःचीही सुई घेतली. वेळेत आलात, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. तरी पुढचे काही आठवडे ही पोरगी साधी शिंकली तरी आपली झोप उडणार, हे त्याला कळून चुकलं. पावसाळ्यातली ती राहिलेली सुई फिलूमायच्या डोळ्यांसमोर होती, आणि हरेश्वरच्याही.

निघताना जेनिताने डाव्या हातातला मोजा काढून त्याला दिला. आत एक कुलकुल होतं.

"त्याला गिळता येणार नाही गं."

"वास घेईल."

तो वाडीत परतला तेव्हा घरोघरी कागदी तारे लागले होते आणि कुठेतरी गिटार वाजत होती. महापालिकेची गाडी निघाली होती, पण वाहतुकीत अडकली होती. हरेश्वरने एकावर एक दोन मोजे चढवले आणि जिन्याखालच्या खोलीपाशी स्टूल ओढलं. फळ्यांच्या फटीतून आत काही दिसत नव्हतं. आत हालचाल नव्हती. कडी घट्ट आहे ना, हे त्याने पुन्हा पुन्हा पाहिलं, आणि आपण एका मरणाऱ्या कुत्र्याला इतके घाबरतो याची लाजही वाटून घेतली.

मग त्याने मोज्यातलं कुलकुल काढून खालच्या फटीतून आत सरकवलं.

"पेद्रू," तो म्हणाला. "जेनिताने पाठवलंय. तिला सुई टोचून झाली. ठीक आहे ती."

मग अंधारात शेपूट लाकडावर आपटली, एकदा, आणि थोड्या वेळाने पुन्हा एकदा.